चौऱ्याण्णव पायऱ्यांचं औक्षण

घाटकोपरच्या डोंगरावरच्या भैरीप्रसाद चाळीत रत्नप्रभा घाडीच्या हातचं औक्षण झाल्याशिवाय आजवर एकही नगरसेवक निवडून आलेला नाही, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मुख्यतः रत्नप्रभाच. पण तिने हे इतक्यांदा आणि इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगितलंय, की आता ते पार्ट्यांच्या ऑफिसांतसुद्धा खालच्या आवाजात बोललं जातं.

त्याचं मूळ सत्त्याण्णव सालात. तेव्हा एक उमेदवार चाळीत आला होता. त्याचं नाव आज कुणालाही आठवत नाही, आणि त्याच्या कर्तृत्वाला हे साजेसंच आहे. रत्नप्रभा ताट घेऊन दारात उभी. कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, सुपारी-अंगठी ओवाळली, निरांजनाचे दोन फेरे झाले आणि तिसऱ्या फेऱ्याला तिने विचारलं, "वरच्या नळाला पाणी कधी येणार?" गडी जो सटकला तो थेट पुढच्या चाळीत. निरांजन हवेत गोल फिरतंय आणि समोर मोकळं दार. पुढे तो एक्केचाळीस मतांनी पडला. आधीची पाच वर्षं वॉर्डात फिरकला नव्हता म्हणून पडला, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. रत्नप्रभाने मात्र निकालाच्या दुसऱ्या दिवशी खालच्या नळावर हंडा लावता लावता जाहीर केलं, "औक्षण अर्धवट सोडून गेला ना. निरांजन फिरत असताना हलायचं नसतं."

असा नियम कुठल्या पोथीत आहे? कुठल्याच नाही. पण उमेदवार हा प्राणीच असा, की अर्ज भरायला मुहूर्त काढणार, प्रचाराच्या गाडीला लिंबू-मिरची बांधणार, दोन्ही हातांत मिळून सात अंगठ्या घालणार आणि मग माईक हातात घेऊन स्मार्ट शहराबद्दल बोलणार. पुढच्या निवडणुकीपासून रत्नप्रभाच्या दारात सगळे खांबासारखे उभे राहायला लागले. तिनेही मग फेऱ्यांचा वेग कमी केला. आधी दोन सेकंदांत होणाऱ्या फेऱ्याला अर्धं-अर्धं मिनिट लागायला लागलं आणि फेरे झाले पाच. नेता भाषण करताना ऐकत नाही, चहा पिताना ऐकत नाही, फोन कानाला असेल तर बघतसुद्धा नाही. पण कपाळावर ओलं कुंकू आणि नाकासमोर आग असली की त्याला दुसरा धंदा उरत नाही. अशा रीतीने वरच्या नळाला पाणी आलं. गटारावर झाकण आलं. कोपऱ्यावर दिव्याचा खांब आला, त्यात बल्ब यायला आणखी एक निवडणूक लागली, तो भाग वेगळा.

एकच गोष्ट आली नाही. कठडा.

चाळीत जायला चौऱ्याण्णव पायऱ्या आहेत. तीन फूट रुंद, चढ उभा. एका बाजूला डोंगराचा कातळ, तोही हाताला धरायला काही न देणारा, आणि दुसऱ्या बाजूला खालच्या चाळींचे पत्रे. मध्ये काही नाही. वॉर्डाच्या नगरसेवकाने, देवदत्तभाऊंनी, दोन हजार बाराला कबूल केलं होतं, "काकी, कठडा झालाच समजा." सतराला पुन्हा कबूल केलं, "काकी, फाइल वर आहे." वर म्हणजे कुठे, ते विचारायच्या आत पाचवा फेरा संपला होता. बावीसपासून तर पुढची जवळजवळ चार वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, त्यामुळे भाऊंना काही न करण्यासाठी कारण शोधायचेही कष्ट उरले नाहीत.

आणि गेल्याच्या गेल्या श्रावणात रत्नप्रभाचा नवरा काशीराम एकसष्टाव्या पायरीवरून घसरला.

काशीराम घाडी म्हणजे उभ्या आयुष्यात कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस. तरुणपणी मिलमध्ये होता. संपानंतर मिल गेली, मग अंधेरीच्या एका कंपनीच्या गेटवर पंचवीस वर्षं उभा राहिला. एकुलती मुलगी अक्षता लग्न करून जोगेश्वरीला गेली. माणूस बोलतो कमी आणि बोलतो तेव्हा मालवणीत बोलतो. त्याचा एकच मोठेपणा, तो म्हणजे सत्त्याहत्तर सालापासून त्याने एकही मतदान चुकवलेलं नाही. घरात चूल पेटत नव्हती तेव्हाही हा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून रांगेत उभा होता. पायरीवरून पडला त्यात खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आत पट्टी बसली. डॉक्टर म्हणाले, चालायचं, पण हाताला काहीतरी धरून. घरात कॉट आहे, दार आहे, कपाट आहे. पायऱ्यांवर काय धरायचं? हवा?

पुढचं सांगताना चाळीतल्या बायकांचा आवाज अजून बदलतो. खुबा मोडल्यावर तीन-चार महिन्यांतच विधानसभेचं मतदान आलं. सकाळी देवदत्तभाऊंची चार पोरं लाल प्लास्टिकची खुर्ची घेऊन वर आली. गळ्यात उपरणी, तोंडात घोषणा. काशीरामला खुर्चीत बसवला, चौघांनी उचलला, घोषणा देत खाली नेला, शाळेत मत द्यायला लावलं, शाई लावलेल्या बोटाचा फोटो काढला आणि फोटोखाली लिहिलं, 'लोकशाहीचा उत्सव.' मग खुर्ची आणून पायऱ्यांच्या तळाशी ठेवली आणि म्हणाले, "आजोबा, दोन मिनिटांत आलो. शेजारच्या चाळीत एक आजी आहेत."

काशीराम पावणेअकरापासून तिथे बसला. बारा वाजले, दोन वाजले. वरून रत्नप्रभाने डबा आणून दिला. पावणेचारला चौघांतला एक जण आला, तेव्हा काशीरामने उठायची तयारी केली. पोरगा म्हणाला, "आजोबा, जरा उठता का? खुर्ची मंडपवाल्याची आहे, परत द्यायचीय."

आणि खुर्ची घेऊन गेला. काशीराम पहिल्या पायरीवर बसला. संध्याकाळी चाळीतले दोघे कामावरून आले, त्यांनी पाठीवर घेऊन वर आणला. तिसऱ्या दिवशी पेज खाता खाता म्हणाला, "नेताना वाजत-गाजत आणि मगे नेऊन सोडूचा. माझो काय गणपती केलो काय गो?"

त्याने पेजेची वाटी बाजूला सारली.

"पुढच्या मताक माझ्या पायान जातलंय. नायतर जावचंय नाय."

त्यानंतर चौदा महिने तो पायऱ्या उतरला नाही. चाळीतल्या पोरांनी कितीदा म्हटलं, काका, आम्ही नेतो उचलून. पण 'उचलून' हा शब्द ऐकला की तो तोंड भिंतीकडे करायचा. आणि मग यंदाच्या जानेवारीत पालिकेची निवडणूक लागली.

रत्नप्रभाने माळ्यावरून पितळेचं ताट काढलं, चिंच लावून घासलं आणि वाट बघत बसली. फेऱ्यांचा हिशेबही ठरला होता. यंदा पाचही फेरे कठड्याला.

दुसऱ्या दिवशी वनमाला आली. वनमाला त्याच चाळीतली, भाऊंच्या महिला आघाडीची उपविभाग संघटक. या पदाला ना पगार ना अधिकार, पण पर्स मोठी लागते. पर्समधून तिने एक प्लास्टिकची पणती काढली.

"रत्ना, उद्या दहाला खाली ये हं. देवदत्तभाऊंचा रथ येतोय. वीस जणी ओवाळणार आहेत."

"कुठले देवदत्त?"

"अगं, आपले देवदत्तभाऊ!"

"आपले म्हणजे या आठवड्यात कुणाचे?"

वनमालाला हे लागलं. कारण मधल्या चार वर्षांत भाऊंनी तीन पार्ट्या केल्या होत्या. उपरण्याचा रंग तीनदा बदलला, पोट तेच. भिंतीवरची त्यांची जुनी पोस्टरं सोलून काढायची म्हटलं तर एकाखाली एक असे तीन भाऊ निघतात, तिघेही हात जोडून, तिघेही कटिबद्ध.

"टोमणे नको मारूस गं. हे घे. खाली बटण आहे, दाबलं की पेटते."

रत्नप्रभाने बटण दाबलं. पणतीत पिवळा प्रकाश लुकलुकला. तिने पणतीकडे झुरळाकडे बघावं तसं बघितलं. "हे काय?"

"सेलवर चालतं. तेलातुपाने भाऊंचा कुर्ता खराब होतो ना. आणि प्रत्येकीला सात सेकंद, बरं का. रील बनवायचंय."

"सात सेकंदांत मी नीट कुंकूसुद्धा लावत नाही. आणि गाडीवर औक्षण करत नाही मी, वनमाला. उंबऱ्यावर करते. वर या म्हणावं."

"गुडघे दुखतात गं भाऊंचे."

"ह्यांचा खुबा मोडलाय आणि त्यांचे गुडघे दुखतात! गाडीवर उभं राहून दुखतच असणार. बसायला सांग घरी, पाच वर्षं."

भाऊ वर आले नाहीत. रथ खाली आला, वीस जणींनी वीस बटणं दाबली, दोन मिनिटांत वीस औक्षणं उरकली आणि भाऊ हात जोडून पुढे गेले. हात जोडून जोडून ते हल्ली चिकटल्यासारखे झालेत, जेवताना कसे सुटतात देव जाणे. दुसरा उमेदवार प्रीतम. तरुण, उत्साही, काकाच्या बांधकाम धंद्यातून थेट जनसेवेत उतरलेला. त्याने तर ड्रोन पाठवला. उमेदवार खाली एसी गाडीत आणि त्याचा डोळा वर, दोरीवरच्या परकरांवर भिरभिरतोय. बायकांनी वाळत घातलेले कपडे आत घेतले आणि ड्रोनला मालवणीत जे काय ऐकवलं, ते प्रीतमने रीलमध्ये घेतलं नाही.

तेव्हा रत्नप्रभाच्या लक्षात आलं की तिची इतक्या वर्षांची विद्या बुडाली. उमेदवार उंबऱ्याशीच येणार नसेल तर ताट घासून काय उपयोग? दोन दिवस तिने डाळ-भातात मीठ घातलं की नाही याचाही पत्ता नव्हता. तिसऱ्या दिवशी काशीराम खिडकीतून पायऱ्यांकडे बघत सहज म्हणाला, "चढताना पायरी दिसता गो. उतरताना दरी दिसता."

रत्नप्रभाने हातातला चमचा खाली ठेवला. "काय म्हणालात?"

"काय नाय. पडलंय तेव्हा उतरतच होतंय."

त्याच संध्याकाळी तिने चाळ कमिटीला गाठलं. चाळीची सत्यनारायणाची पूजा दरवर्षी सव्वीस जानेवारीला असते. यंदा ती मतदानाच्या पाच दिवस आधी घ्यायची, असा ठराव तिने अर्ध्या तासात पास करून घेतला. कारण विचारल्यावर म्हणाली, "भटजी सव्वीसला नाहूरला अडकलेत." भटजींना हे दुसऱ्या दिवशी कळलं.

वनमालाला निमंत्रण गेलं. ती म्हणाली, "भाऊंसाठी प्रसाद खाली पाठवशील ना?"

"प्रसाद काय पार्सल आहे? तीर्थप्रसाद पूजेपुढेच घ्यायचा असतो. आणि नाकारणाऱ्याचं पुढे काय होतं, ते भटजी दरवर्षी सांगतात. भाऊंना सांग, आणि त्यांना नको असेल तर प्रीतमला विचारते."

भाऊ आले. संध्याकाळी सहाला, तीस कार्यकर्ते घेऊन. पुढून दोघे ओढतायत, मागून दोघे ढकलतायत, मध्ये नवा कोल्हापुरी जोडा करकरतोय, असे ते चौऱ्याण्णव पायऱ्या चढले. वर पोचल्यावर तीन मिनिटं नुसते हसत उभे राहिले, कारण बोलायला श्वास नव्हता. लोकांना वाटलं, किती हसतमुख माणूस. मग पूजेला नमस्कार, तीर्थ, प्रसाद, फोटो. दारात काशीराम खुर्चीवर बसला होता, त्याच्याकडे वळले.

"काय काका, तब्येत काय म्हणते?"

"खुबो मोडलो. तुमच्या एकसष्टाव्या पायरीर."

"अरेरे. बघूया आपण काहीतरी."

"बघतासच. चवदा वर्षां झाली."

भाऊंनी हे हसण्यावारी नेलं आणि रत्नप्रभाकडे सरकले. आवाज खाली. "काकी, यंदा तुमचं औक्षण झालं नाही हो. मनाला लागून राहिलंय."

"आज नको, भाऊ," रत्नप्रभा म्हणाली. "मतदान संपल्यावर आणि निकालाच्या आधी करू. मधलं औक्षण जास्त लागू पडतं."

हा नियम तिने प्रसादाचा द्रोण पुसता पुसता बनवला. भाऊंनी गंभीरपणे मान हलवली आणि सेक्रेटरीला म्हणाले, "लिहून घे रे."

मग भाऊ निघाले. तोवर अंधारलं होतं. सगळ्यात वरच्या पायरीशी आले, खाली बघितलं आणि थांबले. पुढचा पाय उचलला, पुन्हा मागे घेतला. मागे तीस कार्यकर्ते खोळंबले. घोषणा देणाऱ्याने 'भाऊ आगे बढो' म्हणून आरोळी ठोकली, तेव्हा भाऊंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो अर्ध्यातच गप्प झाला.

"लाइट लावा रे," भाऊ म्हणाले.

लोकांनी मोबाइलचे टॉर्च लावले. ते वाईटच झालं. आतापर्यंत नुसता अंधार होता, आता खालचे पत्रे, त्यांवरचे दगड, टायर, सगळं व्यवस्थित दिसायला लागलं. कपाळावर घाम आला. आणि मग भाऊ रागावले. मनापासून, खरेखुरे रागावले. "इथे कठडा का नाही? माणसं चढतात-उतरतात, म्हातारे-कोतारे असतात! कुणाच्या हद्दीत येतं हे?"

अख्खी चाळ एका सुरात म्हणाली, "तुमच्या!"

काशीराम दारात इतका हसला की त्याला ठसका लागला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

वनमालाने फोन लावले. खाली नाक्यावर चौकसभेच्या मंचासाठी बांबू येऊन पडले होते. मंडपवाल्याची माणसं बांबू आणि काथ्याच्या दोऱ्या घेऊन पळत वर आली. मोकळ्या बाजूला पायऱ्यांच्या फटींत उभे बांबू ठोकले, आडवे बांधले, दर चार पायऱ्यांवर गाठ. रत्नप्रभाने भिंतीवरच्या घड्याळात बघून ठेवलं होतं. पस्तीस मिनिटं. जे काम निधीअभावी, परवानगीअभावी, नगरसेवकाअभावी इतकी वर्षं होत नव्हतं, ते भाऊंना स्वतःला उतरायचं म्हटल्यावर पस्तीस मिनिटांत झालं. आचारसंहितासुद्धा आड आली नाही बिचारी. भाऊ बांबूला दोन्ही हातांनी मिठी मारून, खेकड्यासारखे आडवे आडवे उतरले.

ते तळाशी पोचले आणि हात जोडायला मोकळे झाले, तशी रत्नप्रभा वरून ओरडली, "भाऊ, बांबू मतदानापर्यंत राहू देत हं!"

चाळीतले आठ-दहा मोबाइल तरी चालू होते. भाऊंनी ते पाहिले. "राहू देत म्हणजे काय, काकी? तुमच्यासाठीच तर लावलेत!"

त्याचंही रील झालं. 'शब्द दिला, पाळला.' दुसऱ्या दिवशी प्रीतमने पायऱ्यांच्या तळाशी फलक लावला, 'आमच्या पाठपुराव्याला यश.' बांबू मंडपवाल्याचे, घाम त्याच्या माणसांचा, आणि बाप दोन.

मतदानाच्या दिवशी सकाळी काशीरामने इस्त्रीचा शर्ट घातला. साडेआठला तो सगळ्यात वरच्या पायरीशी आला. डाव्या हाताने बांबू पकडला, हलवून बघितला, गाठ बघितली. मिलमधल्या माणसाला दोरीची गाठ कळते. मग एक पाय, मग दुसरा, मग थांबा. रत्नप्रभा त्याच्या एक पायरी पुढे, हात अर्धवट पसरलेले.

"तू बाजूक हो गो. कोंबडी पकडल्यासारखा काय करतंस?"

एकसष्टाव्या पायरीवर तो थांबला. चपलेने ती पायरी घासली आणि पुढे गेला. तळाला पोचायला पस्तीस मिनिटं लागली. भाऊंच्या कठड्याला लागली होती तेवढीच. खाली दोन्ही पार्ट्यांची टेबलं होती. उपरणंवाला एक पोरगा धावला, "आजोबा, खुर्ची आणू?" काशीरामने त्याच्याकडे बघितलंही नाही. शाळेपर्यंत रत्नप्रभाचा खांदा धरून गेला, मत दिलं, बाहेर आला. कुणाला दिलं, ते आजतागायत बायकोलाही सांगितलेलं नाही.

"मी जरा खंडूकडे बसतंय," तो म्हणाला. खंडूचं सलून नाक्यावर, पायऱ्यांपासून वीस पावलांवर. "दाढी करून दोन-तीन वाजेपर्यंत येतंय."

रत्नप्रभाने त्याला खुर्चीत बसवला आणि वर गेली. खंडूने साबण लावला आणि चौदा महिन्यांच्या बातम्या सुरू केल्या. कुणाची खोली विकली, कुणाचा मुलगा कॅनडाला गेला, कुणी कुणाशी बोलत नाही. काशीरामची दाढी झाली, चहा झाला, वडापाव झाला, पुन्हा चहा झाला. तीन वाजले, चार वाजले. माणसाला किती दिवसांनी माणसं मिळाली होती. रत्नप्रभाने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा "येतंय, येतंय."

साडेपाचला मतदान संपलं. पाच पस्तीसला मंडपवाल्याची चार माणसं वर आली आणि वरच्या टोकाच्या पहिल्या गाठीला हात घातला.

रत्नप्रभा दारातून धावली. "काय करताय रे?"

"बांबू न्यायचेत, मावशी. उद्या निकाल आहे. भाऊंच्या विजयी सभेचा मंच बांधायचाय."

तिने खाली पाहिलं. पायऱ्यांच्या तळाशी इस्त्रीचा शर्ट दिसला. काशीरामने नुकताच पहिल्या पायरीवर पाय ठेवला होता, बांबू धरून. आणि त्याच्यापुढे, तिसाव्या-पस्तिसाव्या पायरीवर धापा टाकत, बांबूला लटकत, देवदत्तभाऊ वर येत होते. मागे वनमाला. भाऊंना मधलं औक्षण हवं होतं. उद्या मोजणी, दुपारपासून त्यांना म्हणे जेवणही गेलं नव्हतं.

रत्नप्रभाने क्षणभर विचार केला. "गाठ सोडू नका रे! औक्षण चालू असताना गाठ सोडली तर निकाल सुटतो!"

हा नियम तर तिने तोंड उघडल्यावर बनवला. भाऊंनी तो खालून ऐकला आणि किंचाळले, "हात लावू नका रे गाठीला! बाजूला व्हा!"

चौघे बाजूला झाले. रत्नप्रभाने आत जाऊन ताट आणलं. निरांजनात तूप काठोकाठ भरलं, वात लांब ठेवली. बाहेर येईपर्यंत भाऊ पन्नासाव्या पायरीवर बसकण मारायच्या बेतात होते.

"काकी, इथेच करा. पुढे नाही होत आता."

"चालेल की. उभे राहा नीट. आणि लक्षात आहे ना, हलायचं नाही."

ती ताट सांभाळत उतरली आणि त्यांच्या एक पायरी वर, कातळाच्या बाजूला उभी राहिली. तिने कुंकू लावलं. सावकाश, गोल, मध्ये एकदा पुसून पुन्हा. एक एक अक्षत निवडून डोक्यावर टाकली. सुपारी ओवाळली. अंगठी बोटातून निघेना, ती काढण्यात दोन मिनिटं गेली. मग निरांजनाचा पहिला फेरा सुरू झाला. मुंगी ताटाच्या कडेने चालली असती तर पुढे गेली असती. खाली काशीराम बाराव्या पायरीवर.

"भाऊ, बारा सालचं आठवतं का? कठडा झालाच समजा म्हणाला होतात."

"हो, काकी."

"हलू नका. सतराचं आठवतं? फाइल वर आहे म्हणाला होतात. कुठे वर होती हो?"

"काकी, हात भरून आला..."

"माझा की तुमचा? माझ्या हातात ताट आहे, तुमच्या हातात बांबू आहे. वनमाला, तूप आण गं आणखी. आमच्याकडे बटण नसतं."

वनमाला मुकाट्याने वर जाऊन तूप घेऊन आली. तिसरा फेरा. काशीराम तिसाव्या पायरीवर. एक पाय, दुसरा पाय, थांबा. सूर्य डोंगराआड गेला. चाळीतली माणसं दारात, गॅलरीत, कातळावर उभी होती. चौथा फेरा अर्ध्यावर असताना काशीराम एकोणपन्नासाव्या पायरीवर पोचला, आणि अडला. पुढच्या पायरीवर भाऊ, आणि भाऊंचे दोन्ही हात त्याच बांबूवर.

"हात काढा, साहेब," काशीराम म्हणाला.

भाऊंनी रत्नप्रभाकडे पाहिलं. ती निरांजनाकडे बघत होती. "पाय हलवू नका फक्त. हात काढलेत तरी चालेल. हात जोडायची तर तुम्हाला सवय आहे."

भाऊंनी एक हात काढला. मग दुसरा. दोन्ही हात छातीशी जोडले आणि पन्नासाव्या पायरीवर, कशाचाही आधार न घेता, डोळे मिटून उभे राहिले. ओठ हलत होते. काशीरामने भाऊंच्या पोटापलीकडून हात घालून बांबू पकडला, एक पायरी चढला, घासत पुढे गेला. जाताना म्हणाला, "सोपा नाय ना?"

एकसष्ट. सत्तर. ऐंशी. ताटात निरांजन फिरत होतं आणि रत्नप्रभाचं लक्ष आता भाऊंकडे नव्हतंच. नव्वदाव्या पायरीशी काशीराम थोडा थांबला, तेव्हा तिचं निरांजनही हवेत थांबलं. तो पुन्हा हलला, तेही हललं.

"पोचलंय गो!" वरून आवाज आला. दमलेला, पण मोठा.

पाचवा फेरा तिने दोन सेकंदांत उरकला. "झालं, भाऊ. आता हला हवं तेवढं." मग वर मंडपवाल्याच्या माणसांकडे बघून म्हणाली, "न्या रे तुमचे बांबू. आमचं काम झालं."

चौघे तयारच होते. पहिली गाठ सुटली, आडवा बांबू सैल पडला आणि तो हादरा गाठीगाठीतून भाऊंच्या हातापर्यंत आला. भाऊ पन्नासाव्या पायरीवर. वर चव्वेचाळीस, खाली पन्नास.

"अरे थांबा! थांबा रे! आधी मला उतरू द्या!"

काशीराम आपल्या दारात टेकला होता. घाम पुसून त्याने खाली नजर टाकली आणि बायकोला हाक मारली.

"गो, तेंका खुर्ची हवी काय, ता इचार."